हवेचा हिशेब

२०१५ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात पोर्शेने नवी ९११ करेरा मांडली. दिसायला ती आधीच्या गाडीची जुळी बहीण होती. फरक मागे होता, इंजिनात. ३.४ आणि ३.८ लिटरची, बाहेरची हवा स्वतःच्या दमावर ओढणारी दोन इंजिनं गेली होती आणि त्यांच्या जागी दोन टर्बोचार्जर लावलेलं ३ लिटरचं इंजिन आलं होतं. ताकद वीस अश्वशक्तीने वाढली होती आणि युरोपच्या चाचणीत पेट्रोलही कमी लागत होतं. तरी जुन्या चाहत्यांनी सुतक पाळलं. त्याच आठवड्यात, १८ सप्टेंबरला, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला, म्हणजे पोर्शेच्याच मालक कंपनीला, नोटीस बजावली. या कंपनीच्या डिझेल गाड्यांना आपण चाचणीच्या रोलरवर उभ्या आहोत हे कळत होतं आणि तेवढ्यापुरता त्या धूर आवरत होत्या.

एक प्रकार उघड फसवणुकीचा, दुसरा पूर्ण कायदेशीर. त्यांना एका दावणीला बांधणं अन्यायाचं ठरेल. पण धूर कुठे मोजायचा, किती वेळ मोजायचा आणि गाडी कशी चालवून मोजायचा, या प्रश्नाच्या उत्तरावर दोन्ही गोष्टी उभ्या होत्या. गेल्या पंधरा-वीस वर्षांत स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा आकार जितका इंजिनिअरांनी ठरवला तितकाच तो मोजमाप करणाऱ्यांनी ठरवला, असं माझं मत आहे आणि हे पुस्तक त्या मतापोटी लिहिलं गेलं आहे.

नवख्या वाचकासाठी आधी मुळातली गोष्ट. इंजिन पेट्रोल जाळतं, पण त्याच्या ताकदीची हद्द हवा ठरवते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं फवारता येतं. हवा मात्र सिलिंडरमध्ये मावेल तेवढीच येते. जास्त हवा हवी असेल तर वाटा तीन. सिलिंडर मोठे करा. किंवा आहेत तेच सिलिंडर मिनिटाला जास्त वेळा भरा, म्हणजे इंजिन जास्त आरपीएमला फिरवा. किंवा हवा दाबून आत कोंबा. पहिली वाट अमेरिकेने आपलीशी केली आणि दुसरी मुख्यतः इटली आणि जपानने. तिसरीवर सगळेच कधी ना कधी गेले, बरेचदा नाइलाजाने. पहिल्या दोन वाटांच्या इंजिनांना नॅचरली ॲस्पिरेटेड म्हणतात. गाडीवेड्यांच्या गप्पांत नुसतं ‘एनए’.

टर्बोचार्जरची कल्पना मोहक आहे, कारण ती टाकाऊतून येते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे गरम वायू होऊन निघून जातो. त्या वायूच्या वाटेत एक चक्र बसवायचं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र, आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलायची. दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. फुकटची ताकद म्हणावी असं हे यंत्र. फक्त त्याची बिलं नंतर येतात. पहिलं बिल उशिराचं. एक्सिलरेटर दाबल्यावर आधी जास्त वायू तयार व्हायला हवा, मग चक्राने वेग घ्यायला हवा, मग दाब चढणार. हाच तो टर्बो लॅग. दुसरं बिल उष्णतेचं. सायकलच्या पंपाचं भोक बोटाने दाबून हवा भरली की नळी तापते, तशी टर्बोतली हवाही तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता पेटतं आणि पिस्टनवर घाव बसतात. म्हणून इंटरकूलर लावून हवा थंड करायची आणि इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, उतरवायचा. एवढं करूनही खूप जोर लावला की बाहेर पडणारा वायू हजार अंशांच्या आसपास जातो. टर्बाइन वितळू नये म्हणून इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारतं; ते पूर्ण जळत नाही, नुसतं आतलं तापमान खाली आणतं. हे जादा पेट्रोल वाचकाने लक्षात ठेवावं. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ त्यात आहे.

टर्बोचा जन्म वेगासाठी झालेला नाही. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युची याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं आणि तिचा पहिला मोठा उपयोग जहाजांवर झाला. १९२० च्या दशकात ‘प्रॉयसेन’ आणि ‘डांझिग’ या जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद टर्बोमुळे १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. तिकडे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचा सॅनफर्ड मॉस १९१८ मध्ये विमानाचं इंजिन घेऊन पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंच डोंगरावर चढला. विरळ हवेत गळून गेलेली ताकद टर्बोने परत मिळते हे त्याने तिथे दाखवलं. मोटारींत टर्बो आला १९६२ मध्ये, शेवरले कॉर्वेअर आणि ओल्ड्समोबिल जेटफायर या दोन अमेरिकन गाड्यांतून. जेटफायरमध्ये इंजिन थंड ठेवायला पाणी आणि मिथेनॉलची वेगळी टाकी होती. ती भरायला लोक विसरायचे, आणि पुढे विक्रेत्यांनी कित्येक गाड्यांचे टर्बो चक्क काढून टाकले.

युरोपातली पहिली नामांकित गाडी बीएमडब्ल्यू २००२ टर्बो. पुढच्या बंपरखाली ‘टर्बो’ हा शब्द उलटा रंगवलेला, म्हणजे पुढच्या गाडीच्या आरशात तो सुलटा वाचता यावा. मस्तीची हद्द. ही गाडी १९७३ च्या शरदात आली, ऑक्टोबरात तेलसंकट उभं राहिलं आणि जेमतेम सतराशेच्या आत गाड्या बनून खेळ आटोपला. पोर्शेने मात्र शर्यतीत, ९१७ वर, टर्बो चांगला पारखून घेतला होता. १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात ९११ टर्बो आली: ३ लिटर, २६० अश्वशक्ती आणि वळणाच्या मधोमध अवचित उसळणारा जोर. तिचा दरारा अजून ओसरलेला नाही. रोजच्या रस्त्याला टर्बो खऱ्या अर्थाने शिकवला तो साबने. १९७८ च्या ९९ टर्बोत दाब मर्यादेत ठेवणारा वेस्टगेट होता, आणि जोर कमाल वेगासाठी न राखता ओव्हरटेक करायला लागतो त्या टप्प्यात दिला होता.

फॉर्म्युला वनमधल्या टर्बोवर स्वतंत्र ग्रंथ होईल, म्हणून इथे धावतच. १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला रेनोची दीड लिटरची पिवळी गाडी उतरली; ती इतक्यांदा वाफाळत थांबायची की इंग्रजांनी तिला पिवळी चहादाणी म्हणून हिणवलं. दोन वर्षांनी दिजोंला तीच कंपनी शर्यत जिंकली आणि १९८३ मध्ये नेल्सन पिके टर्बो गाडीतून विश्वविजेता झाला. इंजिनं हजार अश्वशक्तीच्या पुढे गेली. १९८८ मध्ये मॅक्लारेन-होंडाने सोळापैकी पंधरा शर्यती मारल्या आणि १९८९ पासून टर्बोवर बंदी आली. २०१४ मध्ये तोच टर्बो हायब्रिडसोबत परत आला, या वेळी काटकसरीचं कारण पुढे करून.

सरकारी नियमाने इंजिनाला आकार देण्याची सुरुवात धुरापासून झाली असं समजू नये. इटलीत दोन लिटरच्या वरच्या इंजिनांवर जबर कर होता, म्हणून फेरारीने १९८२ मध्ये दोन लिटरच्या आतली २०८ जीटीबी टर्बो काढली. नंतरच्या २८८ जीटीओ आणि एफ-४० या दंतकथा झालेल्या गाड्यांआधी फेरारीच्या रस्त्यावरच्या गाडीत टर्बो आला तो असा, करापायी. जपानातही इंजिनाच्या आकारावर कर वाढत जायचा आणि छोट्या इंजिनातून मोठी ताकद काढण्याचं त्यांचं कसब त्या हिशेबात वाढलं. पण त्याच जपानातून याच गरजेला अगदी उलटं उत्तरही आलं. होंडाच्या १९९९ च्या एस-२००० चं इंजिन दोन लिटरचं, टर्बो नाही, ९००० आरपीएमपर्यंत फिरणारं, लिटरमागे १२० अश्वशक्ती. दोन पंथ एकाच गावात नांदत होते.

एनए पंथाचा सुवर्णकाळ मी साधारण १९९० ते २०१२ असा धरतो. बीएमडब्ल्यूच्या एम-५ मधलं पाच लिटरचं व्ही-टेन, फेरारी ४५८ चं ९००० आरपीएमला ५७० अश्वशक्ती देणारं व्ही-एट, पोर्शेच्या जीटी-३ ची मालिका. लेक्सस एलएफएचं व्ही-टेन इतक्या झपाट्याने चढायचं की काट्याचा टॅकोमीटर मागे पडे, म्हणून डिजिटल बसवावा लागला. या इंजिनांचं मोल अश्वशक्तीच्या आकड्यात सापडत नाही. पाय जेवढा हलेल तेवढंच आणि त्याच क्षणी उत्तर, आणि वर चढत जाताना बदलणारा आवाज. पूर्ण ताकद काढायची तर गिअर धरून इंजिन शेवटपर्यंत रेस करावं लागतं. म्हणजे काम चालकाला करावं लागतं आणि मजा त्या कामात असते. टर्बोच्या गाडीत २००० आरपीएमलाच सगळा जोर हातात येतो. शर्यतीच्या घड्याळाला ते आवडतं. मला स्वतःला, हलकी गाडी आणि घाटाचा रस्ता असेल तर, पहिला प्रकार बरा वाटतो. हे मत पुढे पानोपानी डोकावेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मग पाचेक वर्षांत हे सगळं कोसळलं कसं? २०११ मध्ये एम-५ टर्बो झाली, आणि गमावलेला आवाज स्पीकरमधून केबिनमध्ये सोडायला लागली. २०१४ मध्ये एम-३ गेली आणि २०१५ मध्ये फेरारी ४८८ आणि ९११ करेरा. सोपं उत्तर असं दिलं जातं की टर्बो स्वच्छ आणि एनए घाणेरडा, म्हणून नियमांनी निवाडा केला. हे अर्धसत्य आहे.

युरोपने दोन वेगवेगळ्या गोष्टींवर बंधनं घातली. एक विषारी वायू आणि कण, ज्यांच्यासाठी १९९२ पासून युरो १ ते युरो ६ अशी चढती मालिका आली. दुसरी कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सरळ सरळ पेट्रोलचा खप. तिथे कंपनीच्या सगळ्या विकलेल्या गाड्यांची सरासरी धरली जाते आणि हद्द ओलांडली की दंड बसतो. २०२०-२१ साठी ती हद्द किलोमीटरमागे ९५ ग्रॅम होती. आणि हे मोजायची परीक्षा होती एनईडीसी नावाची: प्रयोगशाळेत, रोलरवर, अकरा किलोमीटर, वीस मिनिटं. शून्यातून ५० चा वेग गाठायला या परीक्षेत २६ सेकंद मिळत. बैलगाडीवाल्यालाही कंटाळा यावा. ताशी १२० चा वेग शेवटी काही सेकंदांपुरता.

अशा संथ परीक्षेत मोठं एनए इंजिन जवळजवळ बंद थ्रॉटलमधून, म्हणजे हवेच्या झडपेतून, हवा ओढत कुथत बसतं आणि त्यात पेट्रोल वाया घालवतं. छोट्या इंजिनाला तेच काम बेताचं पडतं आणि टर्बोला तर हातही लावावा लागत नाही. कागदावर छोटं इंजिन, रस्त्यावर मोठं. जोरात हाणली की जादा पेट्रोल फवारलं जायचं, पण ते पाहायला परीक्षक तिथे नव्हता. शिवाय पेट्रोल जादा झालेल्या त्या मिश्रणात धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी ठरतो, कारण कार्बन मोनॉक्साइड जाळायला लागणारा ऑक्सिजनच उरत नाही. थंड इंजिन सुरू करताना आणखी एक अडचण: टर्बोचं जाडजूड धातूचं घर उष्णता पिऊन टाकतं, म्हणून कन्व्हर्टर तापायला उशीर लागतो, आणि विषारी धुराचा मोठा वाटा त्या पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांतच बाहेर पडतो. या दोषांवर उपाय निघालेत. पण टर्बो जन्मतः स्वच्छ आहे, ही समजूत खोटी आहे.

डिझेल घोटाळ्यानंतर परीक्षा कडक झाल्या. त्यांची तयारी आधीपासून होती. घोटाळ्याने राजकीय रेटा दिला. सप्टेंबर २०१७ पासून युरोपात डब्ल्यूएलटीपी ही लांब आणि वेगवान चाचणी आली, आणि तिच्याबरोबर आरडीई: मागे यंत्र बांधून गाडी खऱ्या रस्त्यावर चालवायची आणि तिथे धूर मोजायचा. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांतून निघणाऱ्या सूक्ष्म कणांची हद्दही आवळली गेली, म्हणून सायलेन्सरच्या वाटेत पार्टिक्युलेट फिल्टर बसला. स्पोर्ट्स कारचा आवाज हल्ली दबका झाला अशी जी तक्रार ऐकू येते, तिचा एक आरोपी टर्बो आणि दुसरा हा फिल्टर.

आणि इथे गोष्ट उलटी फिरली. नियमांचा रोख त्या जादा पेट्रोलकडे वळला. सगळ्या परिस्थितीत हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण राखायचं, तर छोट्या इंजिनाला पिळून काढता येत नाही. २०२४ मध्ये पोर्शेने ९११ करेरा जीटीएस आणली, तेव्हा तिचं इंजिन तीनवरून ३.६ लिटरचं झालं होतं. दोन टर्बोंच्या जागी एक, त्याच्या दांड्यावर विजेची मोटर, गिअरबॉक्समध्ये आणखी एक मोटर. वीज चक्राला आधीच फिरवून ठेवते, म्हणून लॅग उरत नाही. सगळ्या वेगांत मिश्रण नेमकं राहावं यासाठी इंजिन मोठं केलं, हे कंपनीनेच सांगितलं. ज्या नियमांनी २०१५ मध्ये इंजिन लहान केलं, त्यांच्याच पुढच्या पिढीने ते मोठं केलं.

याच पोर्शेच्या ७१८ ची कहाणी तर शोकांतिका आणि फार्स दोन्ही आहे. २०१६ मध्ये बॉक्स्टर आणि केमनचं सहा सिलिंडरचं इंजिन जाऊन चार सिलिंडरचं टर्बो आलं. त्याच्या आवाजावर झालेली टीका मला रास्त वाटते. काही वर्षांतच वरच्या मॉडेलांत चार लिटरचं एनए इंजिन परतलं. आणि २०२४ मध्ये पेट्रोलवरच्या ७१८ ची युरोपातली विक्री जवळपास थांबली ती सायबर सुरक्षेच्या नियमामुळे. धुराचा त्यात काही संबंध नव्हता. टोयोटाची जीआर-८६ ही साधी एनए गाडीही त्याच सुमारास तिथून गेली, अपघात-सुरक्षेच्या नव्या अटींपायी. प्रत्येक मृत्यूचं खापर सायलेन्सरवर फोडणाऱ्यांनी हे दाखले जवळ ठेवावेत.

मर्सिडीज-एएमजीच्या सी-६३ ने दुसरं टोक गाठलं. ६.२ लिटरचं एनए व्ही-एट, मग ४ लिटरचं टर्बो व्ही-एट, मग २०२२ मध्ये दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो हायब्रिड: ६८० अश्वशक्ती आणि दोन टनांच्या वर वजन. अभियांत्रिकी थक्क करणारी; गिऱ्हाइकाने मात्र नाक मुरडलं. लॅम्बोर्गिनीने हुराकानचं व्ही-टेन सोडून तेमेरारियोत टर्बो व्ही-एट घेतलं, पण ते १०,००० आरपीएमपर्यंत फिरवलं, म्हणजे एनएचा स्वभाव टर्बोत उतरवायचा प्रयत्न केला. माझ्दाने टर्बोच्या लाटेतही एमएक्स-५ मध्ये छोटं एनए इंजिन आणि हलकं वजन धरून ठेवलं. या सगळ्या गोंधळात तिचा हट्ट मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

मोठी एनए इंजिनं उरली आहेत ती मुख्यतः वर, शिखरावर. फेरारीचं ६.५ लिटरचं व्ही-ट्वेल्व्ह ९५०० आरपीएमपर्यंत जातं. जीटी-३ अजून ५१० अश्वशक्ती देते, जरी नव्या नियमांत बसताना तिचा टॉर्क ४७० वरून ४५० न्यूटन मीटरवर आला. युरोपच्या कार्बनच्या नियमांत वर्षाला हजाराहून कमी गाड्या विकणाऱ्यांना सूट आहे, दहा हजारांच्या आतल्यांना वेगळी हद्द मागता येते. हवामानाच्या दृष्टीने या मूठभर गाड्यांनी काही बिघडत नाही हे खरं. पण एके काळी मध्यमवर्गीय होंडात मिळणारा अनुभव आता कोट्यधीशांच्या गॅरेजात जाऊन बसला, हेही तितकंच खरं.

मराठी वाचकाने यात का पडावं? कारण हा खेळ त्याच्या दारात चालू आहे. आपल्याकडे २००६ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला करात सवलत मिळत आली. इटलीत दोन लिटरच्या रेषेने जे केलं ते इथे १२०० च्या रेषेने केलं. चाकणला बनलेली २०१३ ची पोलो जीटी टीएसआय ११९७ सीसीची होती आणि टर्बोच्या जोरावर १०५ अश्वशक्ती देत होती. पुण्या-मुंबईतल्या एका आख्ख्या पिढीने टर्बोची चव तिच्यावर घेतली. पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत ज्या भारतीय चाचणीचक्रावर गाड्या प्रमाणित होत आल्या, त्यात कमाल वेग ताशी ९० चा. द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या कुणालाही हसू यावं. २०२० मध्ये बीएस ६ आलं आणि एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरची चाचणी. पण गाडी विकली गेल्यानंतरची आपली तपासणी म्हणजे पीयूसी, जी पेट्रोल गाडीचा धूर उभ्या जागी मोजते. टर्बोवर ज्या क्षणी खरा भार येतो, तो क्षण त्या नळीला कधीच दिसत नाही.

युरो ७ नोव्हेंबर २०२६ पासून नव्या मॉडेलांना लागू होणार आहे. त्यात ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर पहिल्यांदाच हद्द आली. जड हायब्रिडला सायलेन्सर सोडून चाकापाशीही हिशेब द्यावा लागेल. २०३५ च्या शून्य-कार्बन लक्ष्यावर तिकडे पुन्हा घासाघीस सुरू झाली आहे. म्हणजे हे पुस्तक संपलेल्या युद्धाचा इतिहास नाही.

पुस्तकाने काय करायचं ठरवलं आहे ते थोडक्यात. इंजिनाचं चित्र आणि त्या काळचा नियम शेजारी शेजारी ठेवून वाचायचे. कंपन्यांची जाहिरात आणि चाहत्यांचं रडगाणं, दोन्हींकडे सारख्याच संशयाने पाहायचं. यांत्रिक भाग समजावताना बारावीच्या पलीकडचं गणित वापरायचं नाही. सुपरचार्जर आणि डिझेल यांना गरजेपुरतीच जागा दिली आहे आणि विजेवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कार मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. त्यांचं गणित हवेचं नाही. अश्वशक्ती सगळीकडे मेट्रिक मापात आहे. पेट्रोलच्या खपाचा किंवा धुराचा आकडा जिथे जिथे येतो तिथे तो कोणत्या चाचणीतला हे शेजारी लिहिलं आहे, आणि ज्या आकड्याची चाचणी कळली नाही तो छापलेला नाही.